तारकर्लीचं बुकिंग कॅन्सल केलं, अ‍ॅप म्हणतंय रिफंड शून्य. काही करता येईल का?

ठाणेकर_मीनल

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण नीट वाचा प्लीज, कारण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आम्ही दोन कुटुंबं आणि सासूबाई अशी २६ ते २८ डिसेंबर तारकर्लीची ट्रिप ठरवली होती. ऑक्टोबरमध्येच एका मोठ्या ट्रॅव्हल अ‍ॅपवरून रिसॉर्टच्या तीन रूम बुक केल्या. एका रूमचं एका रात्रीचं ४,००० म्हणजे दोन रात्रींचे २४,००० आणि त्यावर जीएसटी १,२००, एकूण २५,२००, शिवाय अ‍ॅपची कन्व्हिनियन्स फी वेगळी. सगळे पैसे क्रेडिट कार्डवरून आधीच भरले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. साहजिकच ट्रिप रद्द. १५ तारखेला अ‍ॅपवर जाऊन कॅन्सल केलं तर स्क्रीनवर सरळ "रिफंड रक्कम ₹०".

आता खरी गोष्ट इथे आहे. बुकिंगच्या वेळी जे व्हाउचर मेलवर आलं त्यात वरच्या बाजूला हिरव्या अक्षरात लिहिलंय की १२ डिसेंबरपर्यंत मोफत कॅन्सलेशन, त्यानंतर पहिल्या रात्रीचं भाडं कापलं जाईल. आणि त्याच व्हाउचरच्या तिसऱ्या पानावर अगदी खाली, चेक-इनला आधार कार्ड आणा, पाळीव प्राणी आणू नका, पूलमध्ये नायलॉनचे कपडेच घाला, या सगळ्याच्या मध्ये एक ओळ आहे की २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळातल्या मुक्कामाला १००% कॅन्सलेशन चार्ज. अ‍ॅपवाले त्या खालच्या ओळीवर बोट ठेवतायत. मी म्हणतेय की वरची हिरवी ओळ तुम्हीच छापलीय ना.

रिसॉर्टला फोन केला तर मॅनेजर छान बोलले, म्हणाले मॅडम पैसे आमच्याकडे आलेच नाहीत, अ‍ॅपकडे आहेत, तुम्ही त्यांच्याशी बोला. अ‍ॅपचा चॅटवाला म्हणतो हॉटेलने चार्ज माफ केल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही. म्हणजे दोघं एकमेकांकडे टोलवतायत. आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू, १७ तारखेला त्याच अ‍ॅपवर त्याच रिसॉर्टच्या त्याच तारखा बघितल्या तर "फक्त १ रूम शिल्लक" आणि भाव ६,५००! म्हणजे आमच्या रूम बहुतेक विकल्या पण गेल्या, जास्त भावाने, आणि आमचे पैसेही ठेवून घेतले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

घरात ऑपरेशनचा खर्च चालू आहे, २५ हजार काही लहान रक्कम नाही आमच्यासाठी. कायद्याने काही मिळू शकतं का? की सोडून द्यायचं? ज्यांनी प्रत्यक्षात केलंय किंवा ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा.

---

प्रवासी_७७

ताई आधी सासूबाईंना लवकर बरं वाटू दे. पण खरं सांगू का, पीक सीझनला हे असंच असतं, अटी मान्य करूनच आपण बुकिंग करतो, टिक करतो, मग नंतर काही बोलता येत नाही. माझ्या मते तारखा पुढे ढकलून मिळतात का विचारा, तेवढं मिळालं तरी खूप.

---

ग्राहकसेवक_गिरगाव

प्रवासीदादा, "टिक केलं म्हणजे संपलं" हा समज इतका पसरलाय ना की लोक एक मेलसुद्धा करत नाहीत, आणि कंपन्यांचं त्याच्यावरच फावतं. मी एका ग्राहक संस्थेत संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून बसतो, तिथे अशा तक्रारी रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीनलताई, तुमची केस साध्या "नॉन-रिफंडेबल" केसपेक्षा बरीच मजबूत आहे, कारण तुमच्या एकाच कागदावर दोन परस्परविरोधी अटी आहेत. करारातली अट संदिग्ध असेल तर ज्याने तो कागद तयार केला त्याच्या विरुद्ध तिचा अर्थ लावायचा, हे कोर्टात जुनं आणि पक्कं तत्त्व आहे. कागद तुम्ही तयार केलेला नाही. म्हणजे कमीत कमी हिरव्या ओळीप्रमाणे, पहिल्या रात्रीचं भाडं (तीन रूमचे १२,००० अधिक त्यावरचा जीएसटी ६०० = १२,६००) कापून उरलेले १२,६०० मागायचा तुमचा हक्क तर सरळ सरळ आहे. इथून सुरुवात करा, हा तुमचा पक्का मुद्दा.

आता उरलेल्या निम्म्याबद्दल. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला मिळते ती "वाजवी भरपाई", लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा, आपोआप मिळणारा आकडा नव्हे. सुप्रीम कोर्टाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) मध्ये हे सांगितलं आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए या निकालात अजून स्पष्ट केलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली. तुमच्या रूम जास्त भावाने परत विकल्या गेल्या असतील तर रिसॉर्टचं नुकसान काय झालं, हा प्रश्न तुम्ही विचारायचाच. तो १७ तारखेचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, त्यात तारीख-वेळ दिसतेय ना बघा. फक्त एक लक्षात घ्या, त्या स्क्रीनशॉटने रूम गेल्याचं दिसतं, तुमच्याच गेल्या हे सिद्ध होत नाही, म्हणून मेलमध्ये "विकल्या" असं ठाम न लिहिता "२६ आणि २७ डिसेंबरच्या रात्री त्या रूममध्ये कोण राहिलं याची नोंद दाखवा" असं मागा. नोंद त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही.

तिसरं, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२०. यातला नियम ४ चा उपनियम ८ कोणी वाचत नाही पण फार कामाचा आहे. ई-कॉमर्स कंपनी ग्राहकाकडून कॅन्सलेशन चार्ज तेव्हाच घेऊ शकते जेव्हा तिने स्वतःहून एकतर्फी ऑर्डर रद्द केली तर तसाच चार्ज ती स्वतःही सोसते. म्हणजे अ‍ॅपला लेखी विचारा: तुम्ही किंवा हॉटेलने माझं बुकिंग २५ डिसेंबरला रद्द केलं असतं तर भरलेले पैसे परत देण्याव्यतिरिक्त मला किती भरपाई दिली असती? उत्तर बहुतेक येणार नाही, आणि उत्तर न येणं हाच तुमचा मुद्दा. याच नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात तक्रार निकाली काढायची. चॅटवाला म्हणजे तक्रार अधिकारी नव्हे! अ‍ॅपच्या अगदी खाली "ग्रीव्हन्स ऑफिसर" म्हणून मेल आयडी असतो, तिथेच लिहा.

प्रत्येक निकाल ग्राहकाच्या बाजूनेच लागतो असं मी म्हणणार नाही. अट ठळक आणि एकच असेल, स्वस्त दराच्या बदल्यात घेतलेली असेल तर ग्राहक आयोग ती मान्यही करतो. पण तुमच्याकडे ती हिरवी ओळ आहे.

---

मालवणी_निवारा

मी देवबाग-तारकर्लीच्या बाजूचाच, छोटा होमस्टे चालवतो, चार खोल्या. दुसरी बाजू पण ऐका म्हणून लिहितोय, मीनलताईंबद्दल राग नाही, आजारपण कुणाला सांगून येत नाही.

आमचा धंदा किती दिवसांचा हे मुंबई-पुण्याच्या लोकांना दिसत नाही. पावसाळ्यात समुद्र बंद, बोटी वर ओढलेल्या, स्कूबा बंद. मग दिवाळी, नाताळ ते नवीन वर्ष आणि मे महिना, एवढ्यावरच वर्ष काढायचं. २५ ते ३१ डिसेंबरच्या खोल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, आणि त्याच वेळी काही लोक तीन ठिकाणी बुकिंग करून ठेवतात आणि शेवटच्या दोन दिवसांत दोन कॅन्सल करतात. तोपर्यंत आम्ही किती जणांना "फुल आहे" म्हणून नाही म्हटलेलं असतं. आदल्या दिवशी कॅन्सल झालं तर सकाळी लिलावावर जाऊन घेतलेली सुरमई, कामाला बोलावलेल्या दोन बायका, सगळं अंगावर येतं. पावणे येवक नाय तर हाडलेलो मासो काय करतलंव? म्हणून अ‍ॅडव्हान्स परत न देणारा प्रत्येक मालक चोर नसतो एवढंच म्हणणं.

पण अकरा दिवस आधी कॅन्सल केलेलं, ते पण नाताळच्या आठवड्यातलं, ती खोली रिकामी राहत नाही. हे मी स्वतः मालक असून सांगतो. त्यामुळे त्या रिसॉर्टने पूर्ण पैसे ठेवणं मला पटत नाही.

आता कामाचं. अ‍ॅपवर आमच्यासारख्यांना एक वेगळं लॉगिन असतं, त्याला एक्स्ट्रानेट म्हणतात. त्यात रेट, खोल्या आणि कॅन्सलेशनची अट आम्हीच निवडतो, फ्री कॅन्सलेशनवाला रेट वेगळा, नॉन-रिफंडेबल वेगळा. त्यामुळे दोन अटी एकत्र कशा आल्या, तर बहुतेक रिसॉर्टने रेट प्लॅनमध्ये एक अट ठेवली आणि हॉटेलच्या माहितीच्या रकान्यात नाताळची दुसरी टाईप करून ठेवली. वरची हिरवी ओळ सिस्टीममधून येते, खालची मालकाने लिहिलेली असते. आणि मॅनेजर म्हणतोय पैसे आमच्याकडे आले नाहीत ते बऱ्यापैकी खरं असणार, कारण प्रीपेड बुकिंगचे पैसे अ‍ॅप आम्हाला बहुतेक वेळा पाहुणे येऊन गेल्यावर, कमिशन कापून पाठवतं. म्हणजे आत्ता तुमचे पैसे अ‍ॅपच्याच खात्यात पडून आहेत.

ताई एक करा. मॅनेजर चांगलं बोलला म्हणताय ना, तर त्याच्याकडून एक ओळीचा मेल घ्या: "बुकिंग क्रमांक अमुक, पाहुण्यांच्या घरातील वैद्यकीय कारणामुळे कॅन्सलेशन चार्ज माफ करण्यास आमची हरकत नाही." हॉटेलच्या अधिकृत मेलवरून, अ‍ॅपला आणि तुम्हाला दोघांना. फोनवर हो म्हणून उपयोग नाही. हे आलं की अ‍ॅपचा "हॉटेल नाही म्हणतंय" हा बहाणा संपतो. हॉस्पिटलचा अ‍ॅडमिशनचा कागद जोडून मागा, माझ्याकडे असा कागद आला तर मी नाही म्हणत नाही.

---

ठाणेकर_मीनल

मालवणी_निवारा, तुम्ही मालक असून एवढं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमचा रिसॉर्टवर राग नाहीच, निम्मे कापले असते तर मी एक शब्द बोलले नसते, तसंच लिहिलं होतं आणि तेच मान्य करून बुकिंग केलं होतं. शून्य बघून डोकं फिरलं.

मॅनेजरांना आत्ताच मेल केलाय डिस्चार्ज कार्ड जोडून. ग्रीव्हन्स ऑफिसरचा आयडी पण सापडला, अ‍ॅपमध्ये नाही मिळाला, वेबसाइटवर अगदी तळाशी होता. एक विचारायचं होतं, अ‍ॅपने आता चॅटवर ऑफर दिलीय की "गुडविल म्हणून" ५,००० चं ट्रॅव्हल क्रेडिट वॉलेटमध्ये टाकतो, सहा महिने चालेल. घेऊ का? आणि तो १,२०० जीएसटी, तो पण जातो का पूर्ण? सेवाच घेतली नाही तर टॅक्स कसला?

---

हिशोबनीस_सांगली

जीएसटीचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

हॉटेल जेवढी रक्कम स्वतःकडे ठेवतं तेवढ्यावरच जीएसटी लागतो. ३ ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरमध्ये (क्रमांक १७८) खुलासा आहे की कॅन्सलेशन चार्जवर टॅक्स लागतो आणि दर मूळ सेवेचाच लागतो. म्हणजे रूम ७,५०० पर्यंतची असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के (त्याआधी १२ होता), वरची असेल तर १८. तुमची ४,००० ची म्हणजे ५ टक्के बरोबर आहे.

आता जर १२,००० कापले तर त्यावर ६०० टॅक्स, उरलेले १२,००० आणि त्यावरचे ६०० दोन्ही परत. काही ठिकाणी रूमभाडं परत करतात आणि पूर्ण बुकिंगचा टॅक्स मात्र "सरकारला भरला" सांगून ठेवून घेतात, ते चुकीचं आहे, कारण रद्द झालेल्या भागासाठी क्रेडिट नोट (आधीच्या बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) काढून त्यांना तो टॅक्स समायोजित करता येतो. आणि जे काही कापतील त्याचं रीतसर बिल मागा, कॅन्सलेशन चार्जचं सुद्धा बिल असतं. ते बिल कोणाच्या नावाने येतं, अ‍ॅपच्या की रिसॉर्टच्या, त्यावरून पैसे नक्की कोणी ठेवले तेही कळेल. दोघांनी टोलवाटोलवी करायची ठरवली तर हा कागद फार उपयोगी पडतो.

कन्व्हिनियन्स फी मात्र वेगळी, ती अ‍ॅपच्या स्वतःच्या सेवेची असते आणि परत मिळणार नाही असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, तिच्यामागे फार लागू नका. पण पावतीत "ट्रिप प्रोटेक्शन" किंवा इन्शुरन्स नावाने काही रक्कम आहे का बघा. असेल तर ट्रिप रद्द झाल्याचा क्लेम त्यात बसतो का ते आधी तपासा, घरच्या माणसाचं हॉस्पिटलायझेशन काही पॉलिसींमध्ये कव्हर असतं. आणि तुम्ही न निवडता ते आधीच टिक होऊन आलं असेल तर ती स्वतंत्र तक्रार, कारण ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असं गुपचूप बिलात घुसवण्याला मनाई आहे.

---

ग्राहकसेवक_गिरगाव

क्रेडिट घेऊ नका ताई. निदान "तक्रार पूर्णपणे मिटली" अशा वाक्यासकट तरी अजिबात नको. ते बटण दाबलं की पुढे प्रत्येक ठिकाणी ते तेच दाखवतील. सरळ लिहा की परतावा ज्या कार्डवरून पैसे गेले त्याच कार्डवर हवा, वॉलेट क्रेडिट मान्य नाही.

कार्डच्या बाबतीत अजून एक, बँकेकडे डिस्प्यूट म्हणजे चार्जबॅक (कार्डवरून गेलेले पैसे परत मिळावेत अशी मागणी) टाकता येतो. कारण लिहिताना "मला ट्रिप जमली नाही" असं लिहाल तर बँक लगेच परत पाठवेल. "व्हाउचरवरील अटीनुसार देय असलेला परतावा व्यापाऱ्याने दिला नाही" असं लिहा आणि फक्त त्या १२,६०० साठीच टाका, व्हाउचरचं पहिलं पान जोडा. पूर्ण २५ हजारांसाठी टाकलात तर खालची ओळ दाखवून ते जिंकू शकतात. चार्जबॅकला मुदत असते म्हणून उशीर नको. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. पण लोकपाल बँकेची चूक बघतो, अ‍ॅपची नाही, हे लक्षात ठेवा.

---

म्युनिकहून_अनघा

मी जर्मनीत असते, इथे काय आहे ते सांगते, कारण आपल्याकडे नेहमी वाटतं की युरोपात ग्राहकाला सगळं फुकट परत मिळतं. तसं नाही. ऑनलाइन खरेदीला युरोपात १४ दिवस परतीचा हक्क आहे पण ठरलेल्या तारखांच्या हॉटेल बुकिंगला तो लागूच होत नाही. उलट इथे पाहुणा आला नाही तरी भाडं द्यावं लागतं, फक्त हॉटेलचा जो खर्च वाचला तो वजा करून. म्हणजे नुसतं राहणं असेल तर साधारण ८० ते ९० टक्के, तिन्ही जेवणं धरून असेल तर ६० च्या आसपास, असं कोर्टांनी मानलंय. पण, आणि हा "पण" मीनलताईंच्या कामाचा आहे, हॉटेलने तीच रूम दुसऱ्याला दिली तर पहिल्या पाहुण्याकडून पैसे घेता येत नाहीत, दिवाणी कायद्याच्या कलम ५३७ मध्येच तसं आहे. भारतात त्याचा उपयोग नाही हे मान्य, पण एकाच रूमचे दोनदा पैसे घेऊ नयेत ही अपेक्षा काही जगावेगळी नाही.

---

कोथरूडचा_अमेय

थ्रेड ताईंचा आहे, पण उलटी केस विचारतो. मित्राचं ३१ डिसेंबरचं गोव्याचं बुकिंग हॉटेलनेच आदल्या दिवशी कॅन्सल केलं, म्हणे ओव्हरबुकिंग झालं, पैसे परत देतो. पण आता तिथे दुप्पट भावात पण रूम नाहीत. नुसते पैसे परत घेऊन गप्प बसायचं का?

---

ग्राहकसेवक_गिरगाव

नाही बसायचं. पैसे परत देणं हे त्यांचं कर्तव्यच, उपकार नव्हे. कन्फर्म बुकिंग करून रूम न देणं ही सेवेतली त्रुटी आहे. मित्राला सांगा आधी लेखी मागणी करायची की त्याच दर्जाची पर्यायी रूम द्या, नाही दिली तर नाइलाजाने जी रूम घ्यावी लागेल तिच्या आणि मूळ भाड्यातला फरक तुमच्याकडून घेऊ. आणि मग घेतलेल्या रूमचं बिल, टॅक्सीची पावती, सगळं ठेवायचं. फरकाची रक्कम बिलासकट मागितली तर मिळण्याची शक्यता खूप जास्त, नुसतं "मनस्ताप झाला, एक लाख द्या" म्हटलं की कोणी गंभीरपणे घेत नाही.

---

रत्नांग्रीकर

एक धोक्याची सूचना देतो, कारण माझ्या चुलत्यांच्या बाबतीत झालंय. रिफंडसाठी कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका!! वर येणारे नंबर कितीतरी वेळा भामट्यांचे असतात. चुलत्यांना "रिफंड पाठवतो, हे अ‍ॅप टाका" म्हणून मोबाइलची स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला लावलं, मग "रिफंड घेण्यासाठी यूपीआय पिन टाका" म्हणाले. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. नंबर फक्त अ‍ॅपच्या आतून किंवा व्हाउचरवरून घ्या. आणि कोणी फसलंच तर त्या क्षणी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवशी बघू असं करू नका, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच मिळतात.

---

ठाणेकर_मीनल

अपडेट देते. रिसॉर्टचा मेल आला! मॅनेजरनी लिहिलंय की पहिल्या रात्रीचा चार्ज ठेवून दुसऱ्या रात्रीचा माफ करायला त्यांची हरकत नाही. अगदी मालवणी_निवारांनी सांगितलं तसाच मेल, अ‍ॅपला सीसी करून. मला हे मान्य आहे, नाताळचा सीझन आहे, त्यांचंही पोट आहे, त्यामुळे १२,६०० वर मी समाधानी आहे आणि जास्त ताणणार नाही.

पण अ‍ॅपकडून अजून "आपली विनंती प्रक्रियेत आहे" एवढंच. ग्रीव्हन्स ऑफिसरच्या मेलची पोच आली, तक्रार क्रमांक आलाय. त्यांनी महिन्याभरात काही केलं नाही तर पुढचं पाऊल नक्की कोणतं? वकील करावा लागेल का? १२ हजारांसाठी वकिलाला १५ हजार द्यायचे म्हणजे अर्थच नाही.

---

ग्राहकसेवक_गिरगाव

फार छान झालं, हॉटेलचा लेखी होकार आल्यावर आता अ‍ॅपकडे धरायला काहीच राहिलं नाही.

महिना संपायची वाट न बघता आत्ताच १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं, ऑनलाइन पण होते. त्यांचा निर्णय बंधनकारक नसतो पण मोठ्या कंपन्यांकडे तक्रार थेट जाते आणि अशी कागद स्पष्ट असलेली प्रकरणं बऱ्याचदा तिथेच मिटतात.

नाहीच झालं तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस गुरगावला असो की बंगळुरूला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, आणि व्हाउचरवर "वाद फक्त अमुक शहरातील कोर्टात" असं छापलेलं असलं तरी त्याला घाबरायचं नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. एक मात्र खरं की कायद्यात लिहिलेल्या वेळेत निकाल क्वचितच लागतो, तारखा पडतात, त्यामुळे ते शेवटचं पाऊल.

तक्रारीत एक काळजी घ्या, मथळ्यात "अनुचित करार" लिहू नका. तो विषय जिल्हा आयोगाच्या अधिकारात नाही, राज्य आयोगाकडे जातो, आणि या एका शब्दावरून समोरचा वकील तारीख घेत बसतो. "सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा" एवढंच लिहा. अ‍ॅप आणि रिसॉर्ट दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, रिसॉर्ट तुमच्या बाजूने असलं तरी, नाहीतर अ‍ॅप म्हणेल हॉटेलशिवाय आम्ही उत्तर देऊ शकत नाही.

त्याआधी अ‍ॅपला हा मेल पाठवा, तसाच कॉपी केलात तरी चालेल:

"बुकिंग क्रमांक ____. आपल्या व्हाउचरच्या पहिल्या पानावरील अटीनुसार १२ डिसेंबरनंतर केवळ पहिल्या रात्रीचे भाडे देय आहे. रिसॉर्टनेही उर्वरित रक्कम माफ करण्यास लेखी संमती दिली आहे (मेल जोडला आहे). तरी ₹१२,६०० (करासह) मूळ कार्डवर १५ दिवसांत जमा करावेत व ठेवलेल्या रकमेचे कर बिल पाठवावे. वॉलेट क्रेडिट मला मान्य नाही. तसे न झाल्यास ही रक्कम, व्याज व तक्रारीचा खर्च यांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

यात कुठेही राग, शिव्या, "सोशल मीडियावर बघून घेईन" असलं काही नको. पुढे हाच मेल आयोगासमोर जाईल तेव्हा वाचणाऱ्याला दोन मिनिटांत विषय कळला पाहिजे.

---

मालवणी_निवारा

ताई मॅनेजरने मेल केला हे वाचून बरं वाटलं. एक अजून, त्यांना सांगा एक्स्ट्रानेटवर पण ती "चार्ज माफीची विनंती" स्वीकारली का ते बघा. अ‍ॅप हॉटेलला एक लिंक पाठवतं, ती काही काळाने बंद होते, आणि मेल करूनही ती लिंक दाबायची राहिली की सिस्टीममध्ये "हॉटेलकडून उत्तर नाही" असंच दिसत राहतं. प्रक्रियेत आहे म्हणतायत ते त्यामुळेच असेल.

---

ठाणेकर_मीनल

लगेच फोन केला, खरंच ती लिंक दाबलेलीच नव्हती! मॅनेजर म्हणाले मेल केला म्हणजे झालं असं वाटलं. आता त्यांनी माझ्यासमोर फोनवरच स्वीकारली आणि स्क्रीनशॉट पाठवला, माझ्या अ‍ॅपवर स्टेटस बदलून "रिफंड सुरू, ₹१२,६००, ७ ते १० कामकाजाचे दिवस" असं दिसतंय. कर बिल अजून आलेलं नाही, त्यासाठी वरचाच मेल थोडा बदलून पाठवतेय. १९१५ ची तक्रार पैसे कार्डवर दिसेपर्यंत बंद करणार नाही. जमा झाले की इथे लिहिते.